खडक वर येत नाही: लेसर लेव्हल तपासायची कशी आणि दुरुस्त कधी करायची

'पेट झाली, विषय ठरला, आता उपकरणं हातात येतील, तर त्यांचं कॅलिब्रेशन म्हणजे नक्की काय करायचं?' असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. व्याख्या पुस्तकात आहेच. मी इथे एकाच उपकरणाबद्दल लिहिते, कारण त्याच्यामुळे माझा एक अख्खा पावसाळा पाण्यात गेला असता.

माझं काम छोट्या ओढ्यांवरच्या सिमेंट बंधाऱ्यांमागे साचणाऱ्या गाळावर आहे. मे महिन्यात, ओढा कोरडा असताना, बंधाऱ्यामागच्या तळाची उंची मोजायची. पावसाळा गेला, पाणी ओसरलं की नोव्हेंबरमध्ये त्याच रेषांवर पुन्हा मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे त्या वर्षी आलेला गाळ. ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच की गाळ साचतो दोन-चार सेंटिमीटर आणि आपण मोजतो साठ-साठ मीटर लांबून.

पहिल्या बंधाऱ्यावर माझे तीन छेद होते, यंत्रापासून वरच्या बाजूला २०, ४० आणि ६० मीटरवर. नोव्हेंबरचे आकडे आल्यावर गाळाची सरासरी जाडी निघाली अनुक्रमे ३१, ३५ आणि ४२ मिलिमीटर. मी खूश! वाहतं पाणी साठलेल्या पाण्यात शिरतं तिथे त्याचा वेग एकदम कमी होतो आणि जाडाभरडा गाळ तिथेच खाली बसतो, म्हणून वरच्या टोकाला थर जाड असतो, हे आपण एमएस्सीला शिकलेलो असतो. आकडे अगदी तसेच आले होते. सहामाही प्रगती अहवालासाठी त्यावर एक छान परिच्छेदही लिहून झाला होता.

मग आलेख काढताना एक बिंदू दिसला. ओढ्याच्या काठाला, यंत्रापासून ५५ मीटरवर, बेसॉल्टचा एक खडक उघडा आहे. मे महिन्यात सहज म्हणून त्याच्यावर लाल रंगाची खूण करून मी रीडिंग घेतलं होतं, नोव्हेंबरमध्येही घेतलं. तो खडक सहा महिन्यांत १६ मिलिमीटर वर आला होता.

शेजारच्या रानातल्या आजोबांना मी पुढच्या खेपेला गमतीने हे सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, दगड कधी वाढतो का? तुझंच काहीतरी चुकलंय." परीक्षकाने दिली नसती इतकी स्पष्ट प्रतिक्रिया होती ती.

आता यंत्राकडे येऊ. माझ्याकडे होती ती रोटरी लेसर लेव्हल. तिवईवर बसवायची, चालू केली की आतला किरण गोल गोल फिरतो आणि हवेत एक आडवी, न दिसणारी पातळी तयार होते. मापनपट्टीवर डिटेक्टर लावलेला असतो. किरण त्याच्या मध्यावर आला की तो एकसलग वाजतो आणि आपण पट्टीवरचा आकडा लिहितो. आकडा जास्त म्हणजे जमीन खोल, आकडा कमी म्हणजे जमीन उंच. एक माणूस तिवईपाशी उभा ठेवावा लागत नाही, म्हणून एकट्याने फील्ड करणाऱ्यांना हे यंत्र फार आवडतं.

यंत्र स्वतःच समतल होतं. आत लंबकासारखी किंवा सेन्सर आणि मोटरची व्यवस्था असते, तिला कंपेनसेटर म्हणतात. तिवई थोडी कलती असली तरी ती सांभाळून घेते. दिवा लुकलुकायचा थांबला की आपण म्हणतो 'लेव्हल झाली'. खरं तर यंत्र जिला आडवी समजतं त्या पातळीला ते आलेलं असतं. ती समजूत एखाद्या धक्क्याने सरकली, म्हणजे जीपच्या मागच्या सीटवरून पेटी पडली किंवा वर्षानुवर्षं खडबडीत रस्त्यावर हादरे बसले, तर दिवा तरीही तितक्याच आत्मविश्वासाने स्थिर होतो. चूक झाल्याचं यंत्र सांगत नाही.

माहितीपत्रकात अचूकता लिहिलेली असते, उदाहरणार्थ '३० मीटरला अधिक-उणे १.५ मिलिमीटर'. कोनाच्या भाषेत हे साधारण १० सेकंद होतात. हा आकडा यंत्र कारखान्यातून निघालं त्या दिवसाचा. आमच्या विभागातलं यंत्र कितीतरी बॅचच्या हातांतून गेलेलं होतं.

खडकाचा प्रकार बघून मी आधी तीच तपासणी केली जी सर्वेक्षणाच्या प्रत्येक पुस्तकात पहिली असते, टू-पेग टेस्ट. सपाट मैदानात ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या, अ आणि ब. यंत्र बरोबर मध्ये ठेवून दोन्ही खुंट्यांवर रीडिंग घेतलं: अ वर १.४०२, ब वर १.१८७ मीटर. फरक ०.२१५. मग यंत्र अ पासून २ मीटरवर नेलं आणि पुन्हा मोजलं: १.३६६ आणि १.१५२. फरक ०.२१४. दोन्ही फरकांत तफावत फक्त १ मिलिमीटर. पुस्तकाच्या हिशेबाने यंत्र पास.

दोन दिवस मी यंत्र सोडून बाकी सगळ्यावर संशय घेत बसले. पट्टी वाकडी धरली असेल, बंधाऱ्यावरची बेंचमार्कची खूण खचली असेल, खडकावरचा रंग पसरला असेल. चूक दुसरीकडेच होती. यंत्र खराब होतं आणि मी केलेल्या तपासणीला ते दिसणंच शक्य नव्हतं.

इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण मला हे कोणी समजावलं नव्हतं.

टू-पेग टेस्ट मुळात दुर्बिणीच्या लेव्हलसाठी आहे. तिच्यात समजा दृष्टिरेषा थोडी वर कललेली आहे. तुम्ही अ कडे बघता तेव्हा ती वर जाते. दुर्बीण फिरवून ब कडे बघता तेव्हाही ती वरच जाते, कारण दुर्बीण तीच आहे. यंत्र मध्यावर असलं की दोन्हीकडची चूक सारखी, म्हणून वजाबाकीत ती उडते आणि खरा फरक हाती येतो. मग यंत्र एका खुंटीजवळ नेलं की जवळच्या खुंटीवर चूक जवळपास शून्य आणि लांबच्या खुंटीवर पूर्ण. दोन फरक जुळत नाहीत आणि चूक पकडली जाते.

रोटरी लेसरमध्ये असं होत नाही. तिथे किरणाची अख्खी पातळीच कलते, ताटाची एक कड उचलावी तशी. एका बाजूला किरण वर जातो, विरुद्ध बाजूला तितकाच खाली. यंत्र मध्ये ठेवलं तर अ वर किरण उंच आणि ब वर खाली. वजाबाकी केली की या चुका उडत नाहीत, त्यांची बेरीज होते. मग यंत्र अ जवळ नेलं, पण त्याचं तोंड तसंच ठेवलं, तर अ वर चूक जवळपास शून्य आणि ब वर दुप्पट. बेरीज तीच! दोन्ही फरकांत सारखीच चूक, म्हणून दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि दोन्ही खोटे असतात. माझ्या त्या मैदानातला खरा फरक ०.२०६ होता, हे नंतर कळलं. पास झालेल्या यंत्राने मला दोन्ही वेळा सुमारे ९ मिलिमीटरची थाप मारली होती.

उपाय गवंड्याला विचारा. पाणसळ खरी आहे की नाही हे तो कशी बघतो? भिंतीवर धरतो, बुडबुडा बघतो, मग तीच पाणसळ टोकं बदलून त्याच जागी धरतो. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला तर पाणसळ बरी, नाहीतर वेगळी. लेसरलाही हेच करायचं: यंत्र जागेवरून न हलवता अर्धं फिरवायचं.

मी पट्टी ३० मीटरवर एका काँक्रीटच्या कट्ट्यावर टेकवून पक्की बांधली. यंत्राच्या वरच्या बाजूला एक्स आणि वाय अक्षांच्या खुणा असतात. नसतील तर चारी बाजूंना टेपचे तुकडे लावून १ ते ४ आकडे लिहा. चारी तोंडं एकेक करून पट्टीकडे केली आणि प्रत्येक वेळी दिवा स्थिर होऊ देऊन तीन-तीन रीडिंग घेतली. सरासरी अशी आली: एक्सची पुढची बाजू १.२५४, मागची १.२४५. वाय पुढची १.२५०, मागची १.२४९.

वायमध्ये फरक १ मिलिमीटर, त्याचा अर्धा म्हणजे ०.५. ठीक. एक्समध्ये फरक ९, अर्धा ४.५ मिलिमीटर. अर्धा का? कारण एकदा किरण वर गेला आणि एकदा तितकाच खाली, म्हणजे आपल्याला दिसते ती दुप्पट चूक. ३० मीटरला १.५ चालते, माझी ४.५ होती. मीटरमागे ०.१५ मिलिमीटर.

मग टू-पेग निरुपयोगी का? नाही. रोटरी लेसरमध्ये दुसऱ्या प्रकारची चूकही असते. किरणाची पातळी सपाट न राहता उथळ शंकूसारखी होते, सगळ्याच दिशांना थोडी वर किंवा सगळ्याच दिशांना थोडी खाली. यंत्र अर्धं फिरवलं तर ही चूक अजिबात दिसत नाही, कारण सगळ्या बाजू सारख्याच. ती टू-पेगलाच दिसते. एका तपासणीला जे दिसतं ते दुसरीला दिसत नाही, म्हणून दोन्ही करायच्या. माझ्या १ मिलिमीटरच्या तफावतीने शंकूची चूक नगण्य आहे एवढं सांगितलं होतं आणि ते खरं होतं. त्याचा अर्थ 'यंत्र बरोबर आहे' असा मीच लावला.

तपासणी करताना काही गोष्टी सांभाळा. यंत्र पेटीतून काढल्या काढल्या मोजू नका, बाहेरच्या तापमानाला पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. सकाळी करा. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि डिटेक्टर भलत्या जागी वाजतो. अंतर कमी घेऊ नका. ५ मीटरवर माझी चूक पाऊण मिलिमीटर दिसली असती आणि मी ती सोडून दिली असती. तिवईचं डोकं नजरेने तरी सपाट असू द्या, नाहीतर यंत्र फिरवताना त्याची उंचीच बदलते. जवळ, दीड-दोन मीटरवर, दुसरी पट्टी ठेवली तर हे लगेच कळतं. पृथ्वीच्या गोलाईची काळजी मात्र एवढ्या अंतरात करू नका. ती १०० मीटरला पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, ६० मीटरला पाव मिलिमीटरहून किंचित जास्त.

(भिंतीवर रेघ मारणारी छोटी क्रॉस-लाइन लेसर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. समोरासमोरच्या दोन भिंती घ्या, ५ मीटर अंतराच्या. यंत्र पहिल्या भिंतीजवळ ठेवून तिच्यावर खूण करा, वळवून दुसऱ्या भिंतीवर खूण करा. आता यंत्र दुसऱ्या भिंतीजवळ न्या, उंची अशी लावा की रेघ तिथल्या खुणेवर येईल, आणि वळवून पहिल्या भिंतीवर पुन्हा खूण करा. पहिल्या भिंतीवरच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे १० मीटरमागची चूक. उभ्या रेघेसाठी ओळंबा लटकवा, त्याच्याहून खरं काही नाही.)

आता दुरुस्ती. इथे मी थोडक्यात वाचले. आकडे बघितल्यावर आमच्या लॅबमधले काका म्हणाले, "मी उद्या शहरात चाललोच आहे, सर्व्हिस सेंटरला टाकतो." मी हो म्हणणार होते. मॅडमनी विचारलं, "दुरुस्त होऊन आलं की जुन्या रीडिंगचं काय करणार?"

यंत्र दुरुस्त केलं की त्याची जुनी चूक कायमची पुसली जाते. पुढची मोजमापं सुधारतात, पण मागची सुधारण्यासाठी लागणारा एकमेव आकडा हातातून जातो. म्हणून आधी, यंत्र जसं सापडलं तशा अवस्थेतली सगळी रीडिंग तारखेसह लिहून ठेवायची, वेगळ्या दिवशी पुन्हा एकदा घ्यायची, आणि मगच हात लावायचा. मी दोन दिवसांनी पुन्हा घेतली. एक्सचा फरक पुन्हा ९ मिलिमीटर आला, म्हणजे चूक स्थिर होती. ती रोज वेगळी आली असती तर कंपेनसेटरच सैल असल्याचं लक्षण, आणि मग कुठलीच दुरुस्ती मागे लावता आली नसती.

प्रत्यक्ष दुरुस्ती फार वेळ घेत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये बटणांच्या ठरावीक क्रमाने कॅलिब्रेशनची अवस्था चालू होते, काहींत झाकणाखाली स्क्रू असतात. तुमच्या यंत्राचं मॅन्युअल बघा, अंदाजाने बटणं दाबू नका. तत्त्व एकच: एक्सच्या दोन रीडिंगच्या बरोबर मध्यावर, माझ्या बाबतीत १.२४९ आणि १.२५० च्या मध्ये, किरण आणायचा आणि जतन करायचा. मग सगळी चार तोंडं पुन्हा तपासायची, कारण एक अक्ष हलवताना दुसरा सरकू शकतो. चूक माहितीपत्रकातल्या मर्यादेत असेल तर काहीही करू नका. मिलिमीटरच्या अंशासाठी यंत्र छेडत बसलात तर ते आणखी बिघडवाल. शंकूची चूक असेल किंवा यंत्र पडलेलं असेल तर मात्र थेट सर्व्हिस सेंटर. आमचं यंत्र बटणांनीच जुळलं आणि मैदानातल्या खुंट्यांमधला फरक तेव्हा ०.२०६ आला.

राहिला मे आणि नोव्हेंबरचा डेटा. कलाची चूक दुरुस्त करायची तर रीडिंगच्या वेळी यंत्राचं कुठलं तोंड कुठल्या दिशेला होतं हे माहीत हवं. माझ्या वहीत तिवईची जागा होती, यंत्राची उंची होती, हवामानसुद्धा होतं. यंत्राचं तोंड नव्हतं. कोण लिहितं?

वाचवलं फोटोंनी. मे महिन्यातल्या फोटोत बटणांची बाजू, म्हणजे एक्सची पुढची, ओढ्याच्या वरच्या अंगाला दिसते. नोव्हेंबरमध्ये मी बाभळीच्या सावलीत उभी राहून बटणं दाबली होती, म्हणून तीच बाजू बंधाऱ्याकडे. म्हणजे मे मध्ये वरच्या अंगाला किरण उंच होता, तळ खोल भासला. नोव्हेंबरमध्ये किरण खाली होता, तळ उंच भासला. दोन्ही चुका एकाच दिशेने गाळ वाढवत होत्या, मीटरमागे ०.३ मिलिमीटर. तोंड दोन्ही वेळा एकाच दिशेला असतं तर चूक वजाबाकीत आपोआप उडाली असती आणि मला कधीच काही कळलं नसतं.

पण यंत्र मे महिन्यातही इतकंच बिघडलेलं होतं कशावरून? धक्का मध्येच, ऑगस्टमध्येही बसला असेल. इथे खडक पुन्हा कामाला आला. चूक फक्त नोव्हेंबरची असती तर ५५ मीटरवरचा खडक सुमारे ८ मिलिमीटरच वर आला असता. दोन्ही वेळची असेल तर साडेसोळा. मोजलेलं १६. बेंचमार्क यंत्रापासून ५ मीटरवर आणि वायच्या दिशेला होता, त्यामुळे तिथे हिशेबात घेण्याइतकं काही नव्हतं.

म्हणून २० मीटरच्या छेदातून ६ मिलिमीटर वजा केले, ४० च्या छेदातून १२, ६० च्या छेदातून १८. उरलं २५, २३, २४.

उतार गेला. वरच्या टोकाला जाड थर नाही, शिकलेल्या सिद्धांताचा सुंदर नमुना नाही, सगळीकडे सारखाच गाळ. तपासणीतला अर्धा-एक मिलिमीटरचा अंदाज ६० मीटरवर आणि दोन मोसमांत पसरवला तर या आकड्यांना दोन-तीन मिलिमीटरची अनिश्चितता चिकटते, म्हणजे २५, २३ आणि २४ यांत फरक आहे असं म्हणताच येत नाही. सरासरी ३६ वरून २४ वर आली. १.२ मीटर खोल साठा या वेगाने भरत गेला असता तर पहिल्या आकड्याने ३३ वर्षांत भरला असता, दुसऱ्याने ५०. (एका पावसाळ्यावरून असा हिशेब करायचा नसतोच, फक्त चुकीचं वजन कळावं म्हणून सांगितलं.) अहवालातला तो परिच्छेद मी काढला. आकडे बरोबर नसते तर मला खटकायला हवे होते, पण ते मनासारखे होते, म्हणून खटकले नाहीत. खडकाचा बिंदू मी गाळाच्या आलेखात चुकून ओढला नसता तर परिच्छेद तसाच गेला असता.

आता वहीच्या प्रत्येक पानावर वर एक बाण काढते, बटणांची बाजू कुठे होती ते दाखवणारा. तिवई लावली की पहिला फोटो यंत्राचा. फील्डला निघायच्या आदल्या दिवशी कट्ट्यावर चार तोंडं तपासते, आल्यावर पुन्हा. प्रत्येक जागी दोन तरी खडक किंवा काँक्रीटच्या खुणा, एक जवळ, एक लांब.

दुसऱ्या बंधाऱ्यावर मात्र खडक नव्हता. मे महिन्यातल्या तिथल्या फोटोंमध्ये ओढा आहे, पट्टी धरलेला माझा भाऊ आहे, जेवणाचा डबासुद्धा आहे. यंत्र कुठल्याच फोटोत नाही. त्या बंधाऱ्याच्या चार छेदांपुढच्या रकान्यात मी 'दिशा माहीत नाही' असं लिहिलंय आणि तो मोसम प्रबंधातून वगळलाय.